माझ्या लग्नाच्या बसमधली मतं

माझ्या लग्नामुळे बडोद्याची लोकसभेची जागा गेली, असं आमच्या सोसायटीत पुष्कळ वर्षं मानलं जायचं. मी माहेरी गेले की जिन्यात कुणीतरी हटकायचंच, "आली बघा, खासदार पाडणारी!" मला राग यायचा. लग्नाची तारीख मी ठरवली नव्हती, आणि निवडणुकीची तर नाहीच नाही. पण लोकांना एकदा चघळायला गोष्ट मिळाली की ते ती सहजी सोडत नाहीत.

आधी एक सांगून टाकते. कोण जिंकलं, कोण हरलं, त्यांची नावं मी लिहिणार नाही. ती कुठल्याही जुन्या वर्तमानपत्रात सापडतील. बडोद्याने दिल्लीला कधी राजवाड्याकडचं माणूस पाठवलं, कधी टीव्हीच्या पडद्यावरचं, कधी पक्षाच्या कार्यालयात सतरंज्या उचलून वर आलेलं. माझी गोष्ट त्यांची नाहीच. ती बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका स्टोअरकीपरची, त्याच्या मित्राची आणि माझ्या आईची आहे.

स्टोअरकीपर म्हणजे माझे बाबा. रंगाच्या कारखान्यात डबे, ब्रश, हातमोजे यांच्या नोंदी ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. आजोबा संस्थानाच्या घोडदळात होते. घोडदळ गेलं, संस्थान गेलं, पण घरात पहाटे उठायचं आणि दिलेला शब्द पाळायचा ही शिस्त तेवढी राहिली. बाबांचे मित्र समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. गुजराती, कापडाचं लहानसं दुकान, वयाने बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून बाबा त्यांना मोटाभाई म्हणायचे आणि ते बाबांना भाऊ. आम्हीही त्यांना मोटाभाईच म्हणत असू. ते एका पक्षाचे आमच्या भागातले बूथप्रमुख होते. बाबा कुठल्याच पक्षात नव्हते. बाबा मोटाभाईंच्या पक्षात होते, असं म्हटलं तर बरोबर होईल.

निवडणूक जाहीर झाली की मोटाभाई मतदारयादी घेऊन आमच्याकडे यायचे. मग आमची बैठकीची खोली पंधरा दिवस त्या यादीची व्हायची. बाबा पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचे. प्रत्येक नावाची एक चिठ्ठी: नाव, अनुक्रमांक, शाळेतली खोली. माझं अक्षर बरं म्हणून शाळेत असल्यापासून मी चिठ्ठ्या लिहीत आले. कोण शहरात पलीकडे अकोट्याला राहायला गेलं, कोणाची सून यादीत अजून चढली नाही, कोणाच्या नावापुढे भलतंच वय पडलंय, हे बाबांना तोंडपाठ असायचं. वारलेल्या माणसांची नावं ते खोडायचे नाहीत. त्यांच्याभोवती एक चौकट काढायचे. मोटाभाई चिडवायचे, "भाऊ, आ लोको तो आववाना नथी." बाबा म्हणायचे, "येणार नाहीत हे मलाही माहीत आहे. पण खोडायचं कशाला?"

मतदानाच्या दिवशी शाळेपासून ठरलेल्या अंतरावर टेबल मांडून दोघं बसायचे. जो मत देऊन गेला त्याच्या नावावर बरोबरची खूण. दुपारी तीननंतर ज्यांच्या नावापुढे खूण नाही त्यांच्या दारात बाबांची स्कूटर. ताप असला, पाहुणे असले, नवरा-बायकोचं भांडण असलं, तरी बाबा माणूस घेऊन यायचेच. आमच्या यादीतलं कुणी राहत नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एकच मोठा अभिमान होता. पगार, बढती, यांच्याबद्दल त्यांनी कधी मान ताठ करून सांगितलेलं मला आठवत नाही.

माझं लग्न दिवाळीनंतर जमलं. स्थळ नाशिकचं. नवऱ्या मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या, म्हणून लग्न त्यांच्याकडे. वैशाखातला मुहूर्त निघाला. कंकोत्र्या छापून आल्या. बडोद्यात आम्ही लग्नपत्रिकेला कंकोत्रीच म्हणतो, आणि नाशिकच्या माणसांना त्याचं फार हसू यायचं. कंकोत्र्या निम्म्या वाटून झाल्या आणि निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. आमच्याकडे मतदान नेमकं लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणजे ज्या सकाळी आमचं वऱ्हाड बडोद्याहून निघणार, तीच मतदानाची सकाळ.

बाबांनी तेव्हा जे केलं त्याबद्दल मी त्यांना त्या वेळी माफ केलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना फोन लावला आणि विचारलं, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी न करता लग्नाच्या सकाळी उरकलं तर चालेल का? सासऱ्यांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, मतदान आहे. सासऱ्यांना वाटलं, व्याही थट्टा करताहेत. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी फोन सासूबाईंकडे दिला, आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मुलगी द्यायचीय ना तुम्हाला? मग संध्याकाळी सहाला पाहुणे येऊन बसलेले असतील." बाबा घरी येऊन हे सगळं सांगून बसले. सांगायची काही गरज होती का? आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी रडले. लेकीच्या लग्नापेक्षा ती यादी मोठी, असं मला वाटलं.

शेवटी मोटाभाईच आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, दीकरी पहेली. चूंटणी तो पांच वरसे पाछी आवशे." लेक आधी, निवडणूक काय, पाच वर्षांनी परत येईल. बाबा म्हणाले, "नाही मोटाभाई. एकही मत जाणार नाही. मी शब्द देतो." कुणी मागितला नसताना दिलेला हा शब्द होता.

मग बाबांनी बेत आखला. अकोट्याची आणि हरणीची, म्हणजे शहराच्या दुसऱ्या भागांतली, मंडळी जीपने परस्पर नाशिकला जाणार होती. आमच्या बसमध्ये फक्त आमच्याच दोन गल्ल्यांतले लोक: चुलते, आत्या, त्यांची मुलंसुना, आईच्या भजनी मंडळातल्या बायका. झाडून सगळ्यांचं मत त्या एकाच शाळेत. बस पहाटे सोसायटीच्या फाटकातून निघेल, शाळेपाशी थांबेल, मतदान सुरू झालं की वऱ्हाड पहिलं आत जाईल, आणि तासाभरात आम्ही हायवेला लागू. चिठ्ठ्या बाबांनी कंकोत्रीच्या पाकिटांत घालून घरोघर दिल्या होत्या.

त्या सकाळी आम्ही शाळेपाशी पोचलो तेव्हा मतदान सुरू व्हायला थोडा वेळ होता. बस नवीकोरी, गार हवेची, पुढच्या काचेला झेंडूची माळ. बायकांच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं. पुरुषांच्या रांगेत मात्र कारखान्यांच्या पहिल्या पाळीचे कामगार डबे घेऊन उभे. त्यांना मत देऊन कामावर जायचं होतं. बाबांनी त्यांच्यातल्या निम्म्यांना नावाने हाक मारली. ते सगळे त्यांच्या यादीतलेच होते.

बाबांनी काय करावं? आमच्या पुरुषांना, जे रांगेत त्या कामगारांच्या मध्येमध्ये उभे होते, त्यांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "यांना जाऊ द्या पुढे. यांची कंपनीची बस यांच्यासाठी थांबायची नाही. आपली बस आपल्या हातात आहे." माझे काका कुरकुरले, पण घरातला कार्यमालक सांगतोय म्हटल्यावर सरकले. आणि बायकांना बाबांनी आधी आत पाठवलं. हे तर आमच्याकडचं ठरलेलंच. पंगत असो, बस असो की मतदान, बायका आधी. आमच्या शिलेदार घरांतल्या पुरुषांना एवढं एक राजेपण करायला अजून आवडतं.

सर्वांत आधी मी आत गेले. हातावर कोपरापर्यंत मेंदी. शाई लावणाऱ्या बाईंनी माझी तर्जनी उलटसुलट करून पाहिली, शाई लावायला जागाच नव्हती. शेवटी नखावरच एक ठिपका देऊन त्या हसल्या. मतपत्रिका हातात घेऊन मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले आणि बाबांनी सांगितलं होतं तिथे शिक्का मारला. दुसरं काही करता येतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्यामागे आई, आत्या, काकू, सगळ्या जणी भरजरी साड्या सावरत आत जाऊन बाहेर आल्या. अर्ध्या तासात बायका मोकळ्या झाल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

पुरुषांची रांग हलेचना. कामगार येतच होते. कुणाचं नाव सापडेना, कुणाला मतपत्रिकेची घडी जमेना. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा. नाशिक काही जवळ नव्हतं. नऊ-दहा तासांचा रस्ता, आणि वाटेत जेवण. आई बसच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी घड्याळ पाहिलं, रांग पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. मी खिडकीतून त्यांचा चेहरा बघत होते. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "चला. बसा सगळे."

एकवीस पुरुष मत न देता बसमध्ये चढले. बाबा सर्वांत शेवटी. मत न देता शाळेच्या दारातून परतण्याची त्यांची आयुष्यातली ती पहिली वेळ. पलीकडे टेबलावर यादी घेऊन बसलेले मोटाभाई उठून उभे राहिले आणि हात हलवून म्हणाले, "जाओ, जाओ, मोडुं थशे!" उशीर होईल, निघा.

लग्न छान झालं. आजेसासऱ्यांनी पलंगावरून अक्षता टाकल्या. नाशिककर मंडळी आमच्याकडच्या बायकांच्या बोटांवरची शाई बघून विचारत होती, ही काय बडोद्याची पद्धत आहे का?

मी मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा मतमोजणी चालू होती. त्या वेळी मशीन नव्हतं. एकेक मतपत्रिका उलगडायची, गठ्ठे बांधायचे. टीव्हीवर देशभराचे आकडे येत होते आणि देशात काय होतंय याच्याशी आमच्या घराला काही देणंघेणं नव्हतं. मोटाभाई मोजणीच्या जागी होते. कधी आमची बाजू पुढे, कधी समोरची. फेरमोजणी झाली. मोटाभाई परतले ते मळलेल्या सदऱ्यात, डोळे लाल, आणि सरळ आमच्याकडे न येता आपल्या घरी गेले. तेव्हाच आम्हाला कळलं.

किती मतांनी, तो आकडा बाबांनी त्यानंतर कधी तोंडाने उच्चारला नाही, म्हणून मीही लिहीत नाही. वीसच्या आत होता. लाखांनी लोक मत देतात तिथे वीसच्या आत. एका जिन्यातली माणसं उतरून उभी राहिली असती तरी पुरली असती. बाबा खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "एकवीस."

आई म्हणाली, "असं काय करता? सगळ्या शहरात कितीतरी लोक मत द्यायला गेले नसतील."

"ते माझ्या यादीत नव्हते," बाबा म्हणाले.

मोटाभाई एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. पण पक्षातली बाकीची माणसं त्यांना सोडणार होती का? आमच्या बसची गोष्ट आठवडाभरात सगळीकडे झाली. मोटाभाई कार्यालयात गेले की पोरं ओरडायची, "भाऊनी बस आवी गई?" भाऊंची बस आली का? महानगरपालिकेच्या निवडणुकीला उमेदवार म्हणून त्यांचं नाव जाईल असं सगळे धरून चालले होते. ते गेलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि बाबांना कुणी सांगायची गरजही नव्हती.

बाबांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. रोज संध्याकाळी दोघं सोसायटीच्या बाकावर बसायचे, ते बंद झालं. बाबा दूध आणायला मागच्या फाटकाने जायला लागले, लांबून वळसा घालून. मोटाभाईंची हाक आली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. माझ्या लग्नाचा अल्बम आला, तोही त्यांनी कपाटात आत टाकून दिला, कारण त्यात पंगतीचे फोटो होते आणि पंगतीत पुरुषांच्या कोऱ्या बोटांशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. एका बसमुळे दोन म्हातारे होत चाललेले पुरुष एकमेकांपासून तोंड चुकवत फिरताहेत, हे मला वेडेपणाचं वाटायचं. नाशिकहून फोनवर मी बाबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तू आनंदात आहेस ना? मग झालं."

पाच वर्षांनी येणारी निवडणूक दोन वर्षांच्या आतच परत आली. दिल्लीतलं सरकार टिकलं नव्हतं. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते, बाळ महिन्याचं झालं होतं. थंडीचे दिवस. एका रविवारी दुपारी दारात मोटाभाई उभे. एका हातात बाळासाठी लोकरीचं टोपडं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत काय असणार, ते आम्हा तिघांनाही बघताक्षणी समजलं. इतक्या दिवसांत ते आमच्या घरी आले नव्हते.

त्यांनी बाळाला पाहिलं, टोपडं घातलं, गालाला बोट लावलं. मग यादी काढून टीपॉयवर ठेवली. "भाऊ, यादी कोण लखशे?" यादी कोण लिहिणार?

बाबा उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे राहून म्हणाले, "माझ्या हातून नको, मोटाभाई. मी तुम्हाला शब्द दिला होता. एकवीस माणसं माझ्या शब्दाखातर रांगेत उभी होती आणि मीच त्यांना बाजूला काढलं, मीच त्यांना बसमध्ये चढवलं. तुमचं तिकीट गेलं, ते माझ्यामुळे. मला रोज आठवतं. मी तुमच्या तोंडाकडे बघू शकत नाही." त्यांचा आवाज फुटला. माझ्या वडिलांचा आवाज असा फुटलेला मी ऐकला नव्हता, आणि मांडीवर बाळ घेऊन मीही रडायला लागले.

मोटाभाई म्हणाले, "अरे, में क्यारे कह्युं?" मी कधी म्हटलं तसं?

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या एकवीस जणांचं पुरे करा आता. माझं मत तुम्हाला नव्हतं."

बाबा वळले. "काय?"

"समोरच्या बाजूला होतं. माझं, आत्याबाईंचं, काकूंचं. भजनातल्या बायकांचं. आम्ही बारा जणी होतो. बसमध्ये मागे बसल्यावर हळूच एकमेकींना सांगितलं, तेव्हा कळलं की बारा जणी आहोत. ठरवून काही केलं नव्हतं."

मोटाभाई दुकानदार माणूस. त्यांचे ओठ हलायला लागले. बारा इकडची तिकडे गेली, म्हणजे फरक चोवीसचा. त्यांचा हिशेब पुरा झालेला मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. एकवीस पुरुष दिवसभर रांगेत थांबले असते, तर आम्ही जेमतेम जिंकलो असतो. आणि या बारा जणींनी आमच्याकडे शिक्का मारला असता, तर त्या एकवीस जणांशिवायही जिंकलो असतो. बाबांनी शब्द पाळण्यासाठी जी बस थांबवली, बायकांना मोठ्या मानाने ज्या रांगेत आधी पाठवलं, तिथेच ती जागा गेली होती.

"का?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

"मामंजी गेले तेव्हा राजवाड्यातून माणूस आला होता," आई म्हणाली. मामंजी म्हणजे आजोबा. "संस्थान जाऊन किती वर्षं झाली होती. एक साधा घोडदळातला शिपाई. तरी माणूस आला, हार घेऊन. तुम्ही कारखान्यातून यायचे होतात. मी दार उघडलं होतं. मला ते विसरता येत नाही. समोरच्यांच्या मागे राजवाडा होता, मी तिकडे शिक्का मारला. इतक्या वर्षांत एकदा."

"मला सांगायचंस तरी."

"तुम्ही विचारलंत कधी?" आता आईचा आवाज चढला. "पंधरा-पंधरा दिवस या घरात यादी पसरलेली असते. मी चहा करते, त्या चिठ्ठ्या गल्लीवार लावून देते. तुम्ही दोघं दोन्ही गल्ल्यांतल्या एकूण एक दाराशी हात जोडून उभे राहता. दारुडा असो, दहा वर्षांचं भांडण असलेला असो, त्याच्याही दाराशी. या दाराची बेल वाजवून कधी विचारलंत, की बाई, तुझं मत कुणाला? माझ्या नावावर तर तुम्ही सकाळी सकाळीच खूण करून ठेवता."

बाबा खाली बसले. मला त्यांची दया आली आणि आईचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी माझीही लाज वाटली. बाबांनी दाखवलेल्या जागी मुकाट शिक्का मारणारी त्या बसमध्ये मी होतेच की. आईने दोन वर्षं हे पोटात ठेवलं होतं. सांगितलं असतं तर घरात तिचीच छी-थू झाली असती. आज ती स्वतःहून पुढे आली, कारण खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा फुटलेला आवाज तिला ऐकवला नाही. हे ती बोलली नाही. पण मला ते स्पष्ट दिसत होतं.

मला वाटलं, आता मोटाभाई उठून जाणार आणि परत कधी येणार नाहीत. ते उठले खरे. पण त्यांनी पायात चपला सरकवल्या, दाराबाहेर गेले, आणि बेल वाजवली. आई गोंधळून तिथेच उभी. मीच म्हटलं, "आई, दार उघड ना."

आईने दार उघडलं. मोटाभाईंनी हात जोडले. इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पिणारा माणूस, अनोळखी दारात उभं राहावं तसा उभा होता. म्हणाले, "भाभी, तमारो मत अमने आपजो." तुमचं मत आम्हाला द्या.

बाबा खुर्चीतून उठले. आईच्या बाजूने बाहेर गेले, मोटाभाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. दोन वर्षांत ते दोघं प्रथमच असे शेजारी उभे होते. बाबांनीही हात जोडले.

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती म्हणाली, "विचार करते."

तिने त्या वेळी काय विचार केला, कुणाला मत दिलं, ते तिने मला सांगितलं नाही, बाबांनाही नाही, आणि शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो निकाल मोठ्या फरकाने लागला, त्यात कुणाच्या बसचा काही संबंध नव्हता. पुढे मशीन आलं, शिक्के गेले, मोटाभाई गुडघ्यांनी थकले आणि यादी एकट्या बाबांकडे आली. पण लोकसभेची निवडणूक आली की बाबा चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन, चपला घालून घराबाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे, आणि पहिली बेल आमचीच वाजवायचे.